हिएन १/४८: ठिपके जमले, उजव्या पंखाची चांदी गेली

हिएन या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं प्लास्टिक मॉडेल रंगवणं चालू आहे. पंखाच्या पुढच्या कडेवरच्या पिवळ्या पट्टीसाठी लावलेला टेप काढला आणि त्याच्याबरोबर उजव्या पंखावरची चांदी सोलून आली. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, थेट राखाडी प्लास्टिकपर्यंत. डाव्या पंखावर तोच टेप, तेवढाच वेळ, आणि तिथे ओरखडासुद्धा नाही. म्हणजे दोष टेपचा नाही, खालच्या थराचा.

कारण शोधायला वेळ लागला नाही. फ्यूजलाज (विमानाचं धड) आणि डाव्या पंखावर मिस्टर सरफेसर १५०० ब्लॅक हा प्रायमर होता, त्यावर जीएक्स-२ युएनो ब्लॅक हा काळा रंग, त्यावर अ‍ॅल्क्लॅडचं एअरफ्रेम अ‍ॅल्युमिनियम. उजव्या पंखाच्या वेळी सरफेसर संपला होता, म्हणून टामियाचा एक्स-१ ग्लॉस ब्लॅक थेट प्लास्टिकवर मारला. एक्स-१ हा अ‍ॅक्रिलिक. तो वरून कोरडा लागला तरी आतून मऊच राहतो, प्लास्टिकमध्ये चावा घेत नाही, आणि वर लॅकरची चांदी चढली की सगळा थर एका पापुद्र्यासारखा नुसता टेकून बसतो. टेपला तेवढं पुरतं.

गंमत अशी की खऱ्या हिएनचंही हेच झालं होतं. कावासाकीच्या कारखान्यातून ही विमानं बराच काळ उघड्या धातूची बाहेर पडायची आणि शत्रूच्या नजरेतून लपवणारे हिरवे ठिपके तुकडीच्या तळावर मारले जायचे, खाली प्रायमर नाही. म्हणून फोटोंत रंग जागोजागी उडालेला दिसतो. आपल्याला ते उडणं हवं, पण हिरव्याचं, चांदीचं नव्हे.

पंखाचा इलाज: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू दहा मिनिटं पंखावर ठेवला. एक्स-१ विरघळला आणि वरची चांदी तुकड्यातुकड्यांनी निघाली. पॅनेल लाइनमधला काळा मऊ टूथब्रशने काढला. मग भांड्यांच्या साबणाने धुणं, ३००० ग्रिटचा हलका हात आणि सरफेसर १५०० ब्लॅक, लेव्हलिंग थिनरबरोबर १:१.५. पावसाळी दमट हवेत साधा लॅकर थिनर वापरला तर रंग पांढुरका पडतो. लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असल्यामुळे तो हळू सुकतो आणि हा त्रास बराच कमी होतो. तरी पाऊस कोसळत असेल तर त्या दिवशी चांदीला हात लावू नये.

आता ठिपके. मागच्या भागात ठरलं होतं की विमान २४४ व्या सेंताईचं (जपानी लष्करी हवाई तुकडीचं) करायचं, १९४४-४५ च्या हिवाळ्यात अमेरिकन बी-२९ बॉम्बर विमानांविरुद्ध टोकियोच्या संरक्षणाला चोफूच्या तळाहून उडणारं. लाल शेपूट आणि घनदाट बारीक ठिपके. किट टामियाचं, की-६१-१ तेई, म्हणजे लांब नाकाचं, नाकात २० मिमीच्या दोन हो-५ तोफा असलेलं. जोडणीत अडचण नव्हतीच. पंख आणि फ्यूजलाजच्या सांध्याला पुट्टी लागली नाही, पोटाखालच्या रेडिएटरच्या चौकटीला तेवढा फाईलचा एक फेरा द्यावा लागला. या किटची सगळी परीक्षा रंगात आहे.

आधी हिशेब. खऱ्या विमानावर ठिपका १० सेंटिमीटरचा धरला तर १/४८ मध्ये तो जेमतेम २ मिमी भरतो, आणि त्याची धूसर कड त्यातच बसायला हवी. एअरब्रश ०.३ मिमीचा असला तरी चालतो. ०.२ ची सुई असली की सगळं सुटतं, हा समज आहे. ०.२ मध्ये टोकावर रंग लवकर सुकतो आणि दर चौथ्या ठिपक्याला थुंकी उडते. खरा खेळ पातळपणा, दाब आणि अंतर यांचा आहे.

प्लास्टिकच्या चमच्यांवर तीन मिश्रणं तपासली. खालचे थर विमानावरचेच.

पहिलं, टामियाचा हिरवा एक्सएफ-१३ आणि त्यांचाच एक्स-२०ए थिनर, १:२, हवेचा दाब १५ पीएसआय. ठिपक्याभोवती कोळ्याचे पाय फुटले. दाब १० वर आणला तर पाय गेले, पण पाच-सहा ठिपक्यांनंतर टोक सुकून रंग बंद पडला आणि मग एकदम मोठा थेंब पडला. बाद.

दुसरं, मिस्टर कलरचा हिरवा सी-१६ लॅकर आणि लेव्हलिंग थिनर, १:३, १२ पीएसआय. रेघ अप्रतिम, केसासारखी. पण चूक पुसता येत नाही. लॅकरवर लॅकर, पुसायला गेलं की चांदीही जाते. शेकडो ठिपक्यांत एकही चूक होणार नाही, अशी पैज कोण लावणार?

तिसरं, एक्सएफ-१३ अ‍ॅक्रिलिकच, पण लेव्हलिंग थिनरमध्ये, १:३, १० पीएसआय. हे जमलं. लॅकरइतकंच बारीक सुटतं, टोक कमी सुकतं, आणि पहिल्या तासा-दोन तासांत चुकीचा ठिपका अल्कोहोलमध्ये बुडवून निथळवलेल्या कॉटन बडने उचलता येतो. एक खोट: थिनर लॅकरचा असल्यामुळे तो चांदीला किंचित चावतो आणि पुसलेल्या जागी हिरवट सावली राहते. त्यावर उपाय म्हणून चांदीवर जीएक्स-१०० क्लिअरचा एक पातळ थर दिला. चांदीची झळाळी कमी होते म्हणून अनेकजण क्लिअर टाळतात. इथे ती कमी झालेलीच बरी. उघड्यावर उभं राहणारं लढाऊ विमान आरशासारखं चमकत नसतं.

हाताची पद्धत अशी बसली. सुईची टोपी काढायची. अंतर १० ते १५ मिमी. हवा सतत चालू, रंग फक्त बोटाच्या केसभर ओढीने. दर आठ-दहा ठिपक्यांनी थिनरच्या बडने सुईचं टोक पुसायचं आणि दर वेळी आधी कागदावर दोन ठिपके टाकून मगच विमानावर यायचं. कागद सोडून थेट विमानावर आलं की तोच ठिपका बिघडतो, हे तीनदा सिद्ध झालं.

आकाराचं मात्र सूत्र नाही. पहिल्या चमच्यावरचे ठिपके खणावरच्या बुट्ट्यांसारखे आले, सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे. ते टाळायला गेलं की हात गोल फिरतो आणि जिलब्या पडतात. शेवटी एक युक्ती लागू पडली: आधी पॅनेलभर विरळ, वेडेवाकडे ठिपके, मग मधल्या मोकळ्या जागांत त्याहून लहान, आणि शेवटी दोन-तीन जवळचे ठिपके मुद्दाम एकमेकांत मिसळायचे. पाठीवर दाट, बाजूने खाली येताना विरळ, पोट आणि पंखांची खालची बाजू कोरी. फ्यूजलाजची डावी बाजू पूर्ण झाली आणि सुपरचार्जरच्या हवेच्या तोंडामागचा तो अडचणीचा भागसुद्धा पहिल्या झटक्यात आला. तिथे बघत बसावंसं वाटतं, इतकं चांगलं.

टामियाने याच किटची चांदीचा मुलामा चढवलेली, ठिपक्यांच्या डिकल्ससकटची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांसकटची) आवृत्ती काढली आहे. वेळ वाचतो, पण पंखाच्या मुळाशी दुहेरी वळणावर डिकल बसवण्याचा वैताग वेगळाच, आणि ठिपक्याची धूसर कड डिकलमध्ये येत नाही.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि त्यामुळे पुढचा क्रम बदलतो. खऱ्या विमानावर हिनोमारू, म्हणजे जपानचे लाल गोळे, आधी होते, ठिपके नंतर. ठिपके मारणारा लाल गोळा चुकवून मारायचा, म्हणून गोळ्याभोवती मोकळी जागा राहते. तेव्हा डिकल वरून चिकटवण्यापेक्षा गोळे आणि त्यांच्यामागचे संरक्षण-तुकड्यांचे पांढरे पट्टे आधी रंगवायचे, मास्क करायचे आणि उरलेले ठिपके त्यांच्याभोवती मारायचे. डाव्या फ्यूजलाजवर ही वेळ गेली. तिथे गोळ्याच्या जागेचे ठिपके बडने पुसून घेतले, त्यातले दोन हिरवट राहिले आहेत, ते पांढऱ्याखाली झाकले जातील. पांढऱ्यासाठी जीएक्स-१, तीन पातळ थर. एकाच जाड थरात झाकायला गेलं की कडेला भिंत उभी राहते.

लाल शेपटीचंही तसंच. चांदीवर थेट लाल मारला तर तो गढूळ दिसतो. खाली फिकट गुलाबी हवा, पांढऱ्यात लालाचे चार-पाच थेंब. रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन (शेपटीच्या आणि पंखांच्या मागच्या कडेची हलणारी पाती) खऱ्या विमानावर कापडाचे होते, तेव्हा एलेव्हेटर आणि एलेरॉन चांदीचे ठेवायचे नाहीत, करडा-हिरवा द्यायचा. चांदीच्या पंखावर हे करडे एलेरॉन एवढे खुलतात की फोटोत पहिली नजर तिथेच जाते.

टेपविषयी: स्टेशनरीच्या दुकानातला पिवळा टेप चांदीजवळ नेऊ नये. टामियाचाच, तोही आधी तळहातावर दोनदा चिकटवून, आणि काढताना वर न ओढता स्वतःवर उलटा दुमडत. हेअरस्प्रेचा थर देऊन हिरवा उडवायचा बेत होता, तो रद्द. थिनर लॅकरचा असताना त्याखाली हेअरस्प्रे कसा वागेल, हे आधी चमचाच सांगेल. सध्या पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय ठेवतो, तिथे कॉकटेल स्टिकने खरवडलं तरी हिरवा छान उडतो आणि खालची चांदी क्लिअरमुळे वाचते.

उजव्या पंखावर सरफेसर चढून बसला आहे. ४८ तास हात लावायचा नाही. मग युएनो ब्लॅक, आणि चांदीच्या आधी त्याच पंखाच्या खालच्या बाजूला टेपची चाचणी.