गुरुवारी फुटबॉल बंद

कोल्हापुरात पेठेतली शाळा म्हटली की फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची मॅच असली की दुसऱ्या दिवशी वर्गात गणित व्हायचं नाव नाही. आमचं मैदान मात्र एवढंसं. इमारत आणि शेजारची भिंत यांच्यामधली जागा, कोपऱ्यात ताटं धुवायचे नळ. मोठ्या सुट्टीत चौथीची मुलं चेंडू घेऊन उतरली की बाकीच्यांनी व्हरांड्यात बसायचं, हा कुणी न केलेला कायदा.

एका शनिवारी बालसभेत तक्रार आली. तिसरी-चौथी मिळून ३४ मुलं. ‘सुट्टीत रोज फुटबॉल हवा की काही दिवस बंद?’ असा प्रश्न मुलांनीच फळ्यावर लिहिला. मी आधीच सांगून टाकलं की सुट्टीची वेळ आणि भिंतीवर चढणं यावर मत घेणार नाही, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. जे त्यांच्या हातात नाही ते आहे असं भासवलं की मुलं फार लवकर ओळखतात.

हात वर करायला लावले नाहीत. या वयात हात वर जातो तो म्होरक्याकडं बघून. कपाटामागं दोन डबे ठेवले, एकेकानं जाऊन एक चिंचोका टाकायचा. मोजले तर चिंचोके ३७!

मग काय, दंगा. “ह्यानं टाकलं”, “न्हाई, त्यानं”. मी गप्प बसले. शेवटी तिसरीतलं एक पोरगं म्हणालं, “बाई, बोटाला शाई लावा की.” मैसूरच्या कारखान्यातली ती शाई १९६२ पासून देशभरच्या निवडणुकांत लागते; आम्ही स्केचपेनवर भागवलं. चिंचोके वाटायला एकाला बसवलं आणि पुन्हा मतदान घेतलं. रोज फुटबॉल २१, काही दिवस बंद १३.

जिंकलेल्यांनी बाकं बडवली. माझ्या मते खरी बालसभा सुरू झाली ती इथून. मत टाकणं सोपं असतं हो, चिंचोका कुणीही टाकतं. एक मुलगी उभी राहिली, “मग आम्ही १३ जणांनी काय व्हरांड्यातच बसायचं?” मागून उत्तर आलं, “हरलाय न्हवं? गप बसा.” त्यावर दुसरी ताडकन म्हणाली, “आमच्या गल्लीतला माणूस निवडणुकीत पडला, म्हणून आमच्या नळाचं पाणी बंद झालं व्हय?”

याला कुणाकडं उत्तर नव्हतं. मीही पुरवलं नाही.

मी १३ जणांना एकेक करून विचारायला लावलं, तुम्हाला नक्की काय हवंय? कुणाला लगोरी, कुणाला नुसतं पळायचं होतं. आणि चौघी म्हणाल्या, फुटबॉलच! “मी घरात भावाबरोबर खेळतो. हितं घेत न्हाईत, म्हणून बंद करा म्हटलं.” २१ जणांच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. दोन डब्यांत हे मावलंही नसतं.

तासभर भांडून ठराव झाला. मंगळवारी आणि गुरुवारी फुटबॉल बंद. बाकीच्या दिवशी जो येईल तो खेळणार, संघ चिठ्ठ्या टाकून. एकटा शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. वहीत तेही लिहून घेतलं: ‘एकाला पटलेलं नाही.’

एका पालकांनी नंतर हटकलं, एवढ्याशा पोरांना काय विचारता? १९८९ च्या बालहक्क कराराचं १२ वं कलम मुलांच्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यायला सांगतं, भारतानं तो १९९२ साली मान्य केलाय, असं मी सांगून पाहिलं. त्यांना फारसं पटलं नाही. वर्गातला प्रश्न याहून अवघड होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला, हे शिकवताना एकानं विचारलं, “तवा पोरांना इचारलं होतं का?” हसू आवरून मी म्हटलं, हा विषय बालसभेत घ्या.

पुढं एका गुरुवारी तपासणीला साहेब आले. सुट्टीत मुख्याध्यापकांनी हौसेनं चेंडू काढला, “दाखवा रे साहेबांना जरा!” कुणी हललं नाही. “सर, आज गुरुवार.” सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी मुलांकडं. ठरावाला नाही म्हणणारा तोच पोरगा पळत जाऊन वही घेऊन आला. साहेबांनी ती वाचली आणि गंभीरपणे विचारलं, “आणि मला बदल करायचा असला तर?”

“शनिवारी या की. सकाळची शाळा असती.”