हवेतला कीपॅड: प्रतिमा जागेवर आली, आता बोटाची पाळी

हवेत तरंगणाऱ्या कीपॅडची प्रतिमा आता मी बनवत असलेल्या पेटीच्या पुढे स्थिर उभी राहते आणि तिच्यावरचे आकडे हातभर अंतरावरून विनासायास वाचता येतात, त्यामुळे या टप्प्यात बहुतेक वेळ बोट ओळखण्याच्या भागावर गेला. हवेत प्रतिमा उमटवण्याच्या या छंदाकडे नव्याने वळलेल्यांसाठी मांडणी आधी थोडक्यात सांगतो.

पेटीच्या तळाशी एलसीडी टॅबलेट उताणा ठेवला आहे. त्याच्यावर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा आहे. आरशाची खालची कड बघणाऱ्याकडे आणि वरची कड पेटीच्या आत झुकलेली आहे. टॅबलेटचा प्रकाश आरशावरून मागच्या भिंतीकडे वळतो, तिथली रेट्रोरिफ्लेक्टिव्ह शीट प्रत्येक किरण आल्या वाटेने परत पाठवते, आणि आरशातून आरपार गेलेले किरण पुढे एकत्र येऊन, टॅबलेट आरशाच्या जितका खाली आहे तितक्याच अंतरावर, हवेत प्रतिमा उमटवतात. जपानमधील उत्सुनोमिया विद्यापीठातले हिरोत्सुगु यामामोतो यांचे नाव या पद्धतीशी जोडलेले आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये गाजवलेल्या रंगमंचीय प्रयोगातले भूत, म्हणजे काचेतले प्रतिबिंब, काचेच्या मागे भासत असे, म्हणजे तिथे बोट पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. इथे प्रतिमा काचेच्या पुढे असते आणि तिच्यातून बोट खरोखर आरपार जाते. पेपरच्या मांडणीची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: या रचनेत अक्षरे उलटी होत नाहीत, तेव्हा सॉफ्टवेअरमधले डावे-उजवे पालटणे काढून टाकावे.

हिरोशिमाच्या आसुकानेट कंपनीच्या सूक्ष्म आरशांच्या प्लेटने हेच काम अधिक रेखीव होते. २०२२ मध्ये टोकियोतील काही सेव्हन-इलेव्हन दुकानांत बिलाची स्पर्शरहित यंत्रे आली, ती अशाच प्लेटवर चालणारी होती. माझ्या खिशाला मात्र रेडियमच्या दुकानात मिळणारी शीटच परवडते. ती घेताना काचमण्यांची न घेता प्रिझमची, म्हणजे जवळून पाहिल्यास पृष्ठभागावर बारीक जाळी दिसणारी, मागून घ्यावी. काचमण्यांच्या शीटवर प्रकाश जास्त पसरतो आणि आकड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. शीट आरशाच्या जितकी जवळ तितकी प्रतिमा स्वच्छ, हेही अनुभवाला आले.

अनपेक्षित उपद्रव छताच्या पंख्याचा झाला. आरसा मागे झुकलेला असल्याने तो छत थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत परावर्तित करतो, आणि ट्यूबलाइट चालू असली की ४ आणि ५ या आकड्यांमधून पात्यांची सावली फिरताना दिसते. पेटीवर काळ्या कार्डबोर्डचे छज्जे लावल्यावर ते बरेच कमी झाले.

आता बोटाविषयी. प्रतिमेच्या खालच्या कडेला, प्रत्येक स्तंभाखाली एक असे तीन व्हीएल५३एल१एक्स सेन्सर (अदृश्य प्रकाश सोडून अंतर मोजणारे) वर तोंड करून बसवले आहेत. कोणत्या सेन्सरला बोट दिसले त्यावरून स्तंभ कळतो आणि मोजलेल्या अंतरावरून ओळ कळते. तिन्ही सेन्सर सुरुवातीला आयटूसीच्या (सेन्सर सामाईक तारांवर जोडण्याच्या पद्धतीच्या) एकाच पत्त्यावर उत्तर देतात, म्हणून दर वेळी वीज आली की एक्सशट ही सेन्सर बंद-चालू करणारी पिन वापरून त्यांना एकेक करून जागे करावे लागते आणि वेगळा पत्ता द्यावा लागतो. हे कोडमध्ये एकदा लिहिले की विसरता येते. खरी डोकेदुखी सेन्सरच्या नजरेच्या शंकूची आहे. या सेन्सरचा पाहण्याचा कोन सुमारे २७ अंश आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीवर त्याची नजर ७ सेंटिमीटर रुंद पसरलेली असते. शेजारच्या स्तंभातले बोट दिसते, आणि त्याहून वाईट म्हणजे वरच्या ओळीतली बटणे बोट प्रतिमेपर्यंत पोहोचण्याआधीच दाबली जातात, तर खालच्या ओळीत बोट बरेच आत गेल्याशिवाय काही घडत नाही. स्पर्शाची पातळी, म्हणजे बोट ओळखले जाणारे उभे प्रतल, जणू वरून पुढे कललेली होती. सेन्सरमधले पाहण्याचे क्षेत्र ४ × ४ प्रकाशग्राही पेशींइतके आकुंचित करून कोन १५ अंशांवर आणला, आणि मग प्रत्येक सेन्सर पेटीकडे साडेसात अंश झुकवला, जेणेकरून शंकूची बघणाऱ्याकडची कड नेमकी प्रतिमेच्या पातळीत यावी. आता वरचे १ आणि खालचे ० सारख्याच खोलीवर लागतात. हा कोन साधण्यासाठी सेन्सरखाली पुठ्ठ्याची पाचर पुरते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. झुकवलेल्या सेन्सरचा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश आरशातून पेटीत शिरला, तर शीट तोही इमाने-इतबारे सेन्सरकडेच परत पाठवते आणि रिकाम्या हवेत बोट असल्याचा निरोप येतो. ही वाचने नेहमी लांबची असल्यामुळे २० सेंटिमीटरपलीकडचे सारे कोडमध्ये दुर्लक्षित केले आहे.

वापरताना जाणवते ते असे की बोटाला अडवणारे काहीच नसल्याने कुठे थांबावे हे हाताला समजत नाही. बोट पातळीच्या पलीकडे गेले तरी ते आकड्याला झाकते, आणि डोळ्यांना ते न पटल्याने आकडा एकदम मागे गेल्यासारखा भासतो. बटण लागताक्षणी रंग बदलणे आणि बारीक बीप वाजवणे यांनी हा गोंधळ पुष्कळ निवळतो. प्रतिमेच्या पातळीत बारीक तारेची चौकट उभी केली, तर घरातल्या मंडळींची नजरही काचेवर न अडकता हवेत ठरते. ब्रिस्टलच्या अल्ट्राहॅप्टिक्स कंपनीने ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरींनी तळहातावर दाब जाणवून देण्याचा मार्ग दाखवला आहे, पण तो स्वतंत्र प्रकल्प होईल. माझे मत असे की लिफ्ट, दवाखान्यातील टोकन किंवा एटीएमचा पिन यांसारख्या मोजक्या, मोठ्या बटणांसाठी टचस्क्रीनला हा चांगला पर्याय आहे, आणि बाजूने पाहणाऱ्याला प्रतिमा दिसतच नाही हा पिनच्या बाबतीत आयता फायदा आहे. मजकूर टंकण्यासाठी मात्र मी तो कोणालाही सुचवणार नाही.

पुढचे काम उजेडाचे आहे. आरशावर एकदा परावर्तन आणि एकदा आरपार जाणे, यांत आदर्श स्थितीतही प्रकाशाचा चौथा हिस्साच उरतो. आरशाऐवजी परावर्तक पोलरायझर (एका दिशेने कंप पावणारा प्रकाश परतवणारी आणि आडव्या दिशेचा आरपार सोडणारी फिल्म) लावून शीटपुढे कंपनाची दिशा फिरवणारी क्वार्टर-वेव्ह फिल्म बसवली, तर टॅबलेटचा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, प्रकाश आधी जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो आणि परतताना ध्रुवण ९० अंशांनी फिरल्याने आरपार जातो. प्रिझममध्ये हे ध्रुवण थोडे बिघडते, त्यामुळे सगळा प्रकाश हाती लागणार नाही. तसा पोलरायझर काही भंगार एलसीडींच्या बॅकलाइटमध्ये मिळतो, तेव्हा कोणी जुना मॉनिटर उघडणार असेल तर पांढऱ्या पडद्यांमधली आरशासारखी चकाकणारी फिल्म फेकू नये.