थोरल्या आजीचा अंगठा

पुण्याच्या दादाच्या मुलाचं लग्न जमत नाही. कुणा ज्योतिषाने सांगितलं, घराण्याला एका विधवा बाईचा तळतळाट लागलाय, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा. तीन दिवसांचा विधी, खर्च भावांनी वाटून घ्यायचा. "एकदाचं उरकून टाकू," दादा फोनवर म्हणाला.

बाई कोण, हे ज्योतिषाने सांगायची गरज नव्हती. आजोबांची वहिनी, आमची थोरली आजी. बाबांची आई बाळंतपणात गेली तेव्हा बाबांना हिनेच वाढवलं. नवऱ्याच्या वाट्याचं नारळी-पोफळीचं आगर तिच्या नावावर होतं. शिंपण्यापासून सुपारी वाळवण्यापर्यंत सगळं तीच बघायची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. आमच्याकडचं हक्कसोडपत्र पुढच्याच वर्षीचं आहे. म्हणजे आजोबांना कायदा चांगलाच कळत होता. त्या कागदावर तिचा अंगठा आहे, शाई एका बाजूला फरकटलेली. ही बाई चातुर्मासात ओटीवर बसून शेजारणींना पोथी वाचून दाखवायची. मग सही का नाही?

आगर पुढे विकलं. त्या पैशांत दादाचा फ्लॅट झाला, माझं शिक्षणही झालं.

आपल्याकडे बहुतेक पापांवर काही ना काही तोड सांगितलेली असते. पण वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात, राज्य मिळाल्यावर दिलेला शब्द विसरून मजेत लोळणाऱ्या सुग्रीवाला लक्ष्मण सुनावतो, की दारू पिणारा, चोर, व्रत मोडणारा, सगळ्यांना प्रायश्चित्त आहे. 'कृतघ्ने नास्ति निष्कृतिः', कृतघ्नाला मात्र नाही. दादाला हा श्लोक पाठवला. त्याने हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

आमच्या गावाहून मुरूड जवळच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून याच मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. कर्वे शंभरी गाठेपर्यंत जगले म्हणून हा गौरव त्यांना स्वतः बघता तरी आला. थोरल्या आजीच्या नशिबी तेही नव्हतं. आजोबा गेले, ती गेली, तिला मूलबाळ नव्हतं. 'जाऊ दे रे, सोडलं मी' असं म्हणायचा अधिकार तिचा एकटीचा होता. तो त्र्यंबकच्या गुरुजींकडे कसा गेला? आणि नागबळी तर नाग मारल्याच्या दोषासाठी; नागाचं आमच्याशी काहीच वाकडं नाही.

मग दादाने दुसरा तोडगा काढला: विधी नको तर विधवांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला तिच्या नावाने देणगी देऊ. देऊ की. पण त्याला प्रायश्चित्त म्हणायचं नाही आणि देणगीवरची ८०जीची करसवलत कुणीही घ्यायची नाही, असं मी कळवलंय. पहिल्या अटीला तो लगेच हो म्हणाला. दुसरीबद्दल सीएला विचारून सांगतो म्हणाला.