माल्टा : दगडाचा आणि पाण्याचा देश

सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे 90 किलोमीटरवर माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटे आहेत. त्यांचा मिळून बनलेला देश अवघा 316 चौरस किलोमीटरांचा असून त्यात पाच लाखांहून अधिक माणसे राहतात. या देशात बारमाही नदी नाही, मोठे सरोवर नाही आणि उन्हाळ्याचे काही महिने पावसाचा थेंबही पडत नाही. एवढ्या दाट वस्तीची तहान इथे भागते कशी, हा प्रश्न मनात घेऊनच मी व्हॅलेटात हिंडत होतो.

राजधानीचे हे शहर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाने, वसवले. 1565 मध्ये ऑटोमन सैन्याचा प्रदीर्घ वेढा परतवून लावल्यानंतर, पुढच्याच वर्षी, त्यांचे प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, जाँ द ला व्हॅलेट यांनी त्याची पायाभरणी केली. ज्या उघड्या खडकावर हे शहर उभे राहिले तिथे झरे नव्हते. त्यामुळे प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवण्यासाठी टाके खोदण्याचा नियमच करण्यात आला. सह्याद्रीतल्या गडांवरची कातळात खोदलेली टाकी ज्याने पाहिली आहेत, त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मी उतरलो होतो त्या जुन्या घराच्या चौकातही असे टाके होते. त्याच्या दगडी तोंडाच्या काठावर दोरांच्या घासण्याने बोटभर खोल खाचा पडल्या होत्या आणि गच्चीवरून आलेले पन्हळ अजूनही त्यातच सोडलेले होते. पुढे वस्ती वाढली, टाकी अपुरी पडू लागली आणि 1615 मध्ये ग्रँड मास्टर विन्याकूर यांनी राबात गावाच्या बाजूच्या झऱ्यांचे पाणी जलवाहिनीने शहरात आणले. तिच्या कमानी रस्त्याच्या कडेने आजही उभ्या आहेत.

घरे, तटबंदी, चर्च या साऱ्यांचा मधाळ पिवळा दगड हा समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून बनलेला चुनखडक आहे. खाणीतून काढल्यावर तो करवतीने कापता येण्याइतका मऊ असतो आणि हवेत राहून वरून टणक होतो. पण समुद्राचा खारा वारा त्याला हळूहळू पोखरतो. हाजार ईम हे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे मंदिर याच दगडाचे आहे. तिथल्या शिळा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रमय झालेल्या दिसतात, आणि त्या आणखी झिजू नयेत म्हणून सबंध मंदिरावर मोठे छत्र उभारले आहे. त्यामुळे उघड्या आभाळाखालचे दृश्य हरवते, अशी तक्रार काही प्रवाशांनी माझ्यासमोर केली. मला मात्र तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटला, कारण गेलेला दगड परत आणता येत नाही.

दगडाच्या मानाने माती फार थोडी आहे आणि तिची किंमत इथल्या लोकांना ठाऊक आहे. बांधकाम करताना सुपीक माती वाया जाऊ न देता ती शेतीसाठी जपावी, असा कायदा 1973 पासून आहे.

भारताशी असलेला एक जुना धागाही सांगायलाच हवा. 1878 मध्ये रशियाशी युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी काही हजार हिंदी शिपाई माल्टात आणून ठेवले होते. 1964 साली देश स्वतंत्र झाला आणि 2004 साली युरोपीय संघात सामील झाला.

हाजार ईमपासून थोड्याच अंतरावर, कड्याखाली, आर लाप्सी नावाची छोटी खाडी आहे. दुपारी तिथे स्थानिक कुटुंबे खडकांवरून पाण्यात उतरत होती, आणि जवळच समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प चालू होता. पूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले : आज माल्टाच्या नळांना येणारे निम्म्याहून अधिक पाणी अशा प्रकल्पांतून येते. या प्रक्रियेत खारे पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलावे लागते, त्यासाठी भरपूर वीज लागते, आणि त्या विजेतला काही भाग 2015 पासून सिसिलीहून समुद्राखालच्या केबलने येतो.