अण्णांचे रुमाल

रविवार, रात्री दहा

माळ्यावरचा शेवटचा रुमाल आज खाली उतरवला. रुमाल म्हणजे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वकिलीचे कागद ज्यांत बांधून ठेवले ती फडकी. मोजले तर ६३ भरले. लाल खारव्याचे, चार कोपऱ्यांची गाठ मारलेले, आणि प्रत्येक गाठीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर पलटण, तालुका, साल. अशिलाचं नाव अण्णा कधीच लिहीत नसत, घरात येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, ‘मराठा, कोरेगाव, ७१’ हे एखाद्या माणसाचंच नाव आहे.

अण्णांना जाऊन दहा महिने होत आले. आई म्हणाली, जमिनीच्या दाव्यांचे कागद बाजूला काढ, ते केव्हाच निकाली निघालेत. फौजी माणसांचे मात्र एकेक हातात घेऊन बघ. घर जमिनीच्या दाव्यांवर चाललं. जीव मात्र त्यांचा या ६३ रुमालांत होता.

आपला साताराच असा की फौजींच्या पेन्शनचं हे काम वकिलाला शोधावं लागत नाही, ते दारात येतं. इथलं अपशिंगे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात पडलेल्या तिथल्या माणसांचं स्मारक अजून गावात आहे. डोंगराकडेची कितीतरी गावं अशीच. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर वहाणांची रांग लागायची. आई दुधाचं एक माप जास्त घ्यायची. आलेला माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचा, “कागद समदे आणल्यात, सायेब.” आणि पिशवीतून नेमका तो एक सोडून बाकीचे सगळे कागद निघायचे.

सोमवार

आज पाच रुमाल वाचून झाले. वाचताना पेन्सिलीची सवय लागली आहे, म्हणजे छापील मजकूर सोडून डोळे आधी समासाकडे जातात. अण्णा समासात पेन्सिलीने बारीक लिहीत. कोर्टापुढे गेलेल्या कागदावर नाही, घरच्या नकलेवर.

‘मराठा, पाटण, ८८’ या रुमालातला जवान उंचावरच्या ठाण्यावर होता. तिथून तो मनाने पार विस्कटून आला. मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तपासणी, झाला आणि त्याला घरी पाठवलं. अपंगत्वाची पेन्शन मागितली तर नकाराचं पत्र आलं. सगळ्या नकारपत्रांत एकच वाक्य असतं: हे दुखणं लष्करी सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. अण्णा त्याला नुसतं ‘ते वाक्य’ म्हणायचे. “आज पुन्हा ते वाक्य आलं,” एवढं बोलून जेवायला बसायचे आणि मग कोणी काही विचारायचं नाही.

लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला १७३ वा नियम मला शाळेत असतानाच पाठ झाला होता. अपंगत्व निदान २० टक्के हवं आणि ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं हवं. टक्के मोजायला डॉक्टर आहेत. पण सेवेमुळे आलं हे शेतकऱ्याच्या पोराने सिद्ध कसं करायचं? त्याच्याजवळ ना ठाण्याची रोजनिशी, ना दवाखान्याचे कागद. सगळं पलटणीत राहिलेलं.

या प्रश्नाचं उत्तर २ जुलै २०१३ ला मिळालं. सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग यांचा निकाल. ते सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती झाले आणि १९९४ ला फेफऱ्यामुळे बाहेर काढले गेले, अपंगत्व २० टक्के. न्यायालय म्हणालं की भरतीच्या वेळी तपासून घेतलेल्या माणसाच्या कागदावर जर त्या रोगाची नोंद नसेल, तर तो रोग सेवेतच आला असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, आणि संशयाचा फायदा जवानाला. त्या निकालाची नकल आज सापडली, चुरगळून मऊ झालेली. मागच्या कोऱ्या पानावर अण्णांनी अकरा चिठ्ठ्यांची यादी केली आहे. ज्यांना आधी नकार मिळाला होता ते अकरा. चौघांपुढे फुली. निकाल यायच्या आधीच गेलेले.

पाटणचा जवान या यादीत तिसरा आहे. त्याचं पुढे काम झालं, पेन्शन सुरू झाली, पण थकबाकी मिळाली तीन वर्षांची. तोही कायदाच आहे. २००८ चा तरसेम सिंग यांचा निकाल. १९८३ ला बाहेर पडलेला माणूस १९९९ मध्ये कोर्टात आला, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की पेन्शनचा अन्याय दरमहा नव्याने होतो म्हणून उशिरा आलात तरी दार उघडं आहे, मात्र मागची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच. या निकालाच्या नकलेवर समासात लिहिलंय: ‘मान्य. पण मधली वर्षं त्याच्या आईने कशी काढली, ते कोणत्या रकान्यात?’

हे वाक्य मी तीनदा वाचलं. कोर्टात शब्द मोजून बोलणारा माणूस. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसेल, आईलासुद्धा.

सोमवार, झोप लागत नाही म्हणून

एक गोष्ट दुपारपासून टोचते आहे. रुमालांत मूळ डिस्चार्ज बुकं सापडली, फौजेतून सुटताना जवानाला मिळतात ती. नकला नव्हेत, मूळ. आतापर्यंत सात. काम संपलं की अशिलाचे मूळ कागद परत करायचे, हे अण्णांनी त्यांच्या प्रत्येक ज्युनिअरला पहिल्या दिवशी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मग ही इथे का? विसरले? त्यांच्यावर असा ठपका ठेवायला मन तयार नाही, आणि पुस्तकं तर समोर आहेत.

बुधवार

आजचा रुमाल ‘महार, खटाव, ६५’. यात नवरा गेल्यावर कुटुंब पेन्शन अडलेली बाई. कारण नावाचं. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात. या जवानाने रजेवर येऊन लग्न केलं आणि पलटणीत जाऊन बायकोचं नाव लिहवलं ते माहेरचं. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीतल्या नोंदीत, एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, मतदार यादीत तिसऱ्याच कुणीतरी ऐकून लिहिलेलं. कागदावर बायका तीन, घरात एकच, आणि तिला सात वर्षं पैसा नाही. अण्णांनी तिच्या माहेरच्या शाळेतून, तलाठ्याकडून, लग्न लावलेल्या भटजींकडूनसुद्धा लिहून आणलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मग सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. बातमी झाली नाही, निकालांच्या ग्रंथात छापून आलं नाही, कारण कोर्टापर्यंत जावंच लागलं नाही. माझ्या मते अण्णांच्या सगळ्या वकिलीत हेच काम मोठं होतं. निम्म्याहून जास्त रुमाल असेच आहेत.

त्यांच्या कोर्टाच्या डायऱ्याही चाळल्या. १७ डिसेंबरला दरवर्षी लाल पेन्सिलीचा गोल. ही तारीख मला आता माहीत आहे, लहानपणी नव्हती. १९८२ साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात डी. एस. नकारा यांच्या पेन्शनच्या खटल्याचा निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या त्या पीठात यशवंतराव चंद्रचूड आणि तुळजापूरकर ही आपली दोन माणसं होती. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना जुन्या हिशेबाने आणि नंतरच्यांना वाढीव हिशेबाने पेन्शन, ही तारखेची भिंत न्यायालयाने पाडली, आणि पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नाही असं सांगितलं. तो दिवस आता निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. अण्णा त्या दिवशी ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला गूळ-शेंगदाणे द्यायचे. आम्हाला वाटायचं थंडीचे म्हणून.

गुरुवार

लष्करी इतिहासाच्या एक अभ्यासक बाई येऊन गेल्या. चांगल्या आहेत, कागद हाताळायची रीत त्यांना आहे, पानं उलटताना बोट ओलं केलं नाही. सगळा संग्रह द्या म्हणाल्या, नीट जपला जाईल. मी हो म्हणता म्हणता थांबले.

डायऱ्या द्यायला हरकत नाही. निकालांच्या नकला, अण्णांनी लिहिलेले अर्जांचे मसुदे, सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाल्यावर मुंबई खंडपीठापुढे केलेल्या कामाची टाचणं, हे त्यांचं आहे आणि ते शिकणाऱ्याच्या उपयोगी पडेल. पण बोर्डाच्या कागदावर एका माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिलं आहे. पत्रांत बायकांनी वकिलाला म्हणून जे सांगितलं ते दिराला सांगितलेलं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं १२६ वं कलम अण्णा फार मानायचे: अशिलाने सांगितलेलं वकिलाने फोडायचं नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. आता तो कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, बंधन त्यातही आहे. वकील गेल्यावर त्याच्या मुलीला कलम लागू होतं का, हा प्रश्न मला पडला नाही. मला लागू आहे.

बाईंना तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. अशिलांच्या घरी विचारून, नावं झाकून जे देता येईल ते द्या म्हणाल्या. म्हणजे आता ६३ घरी जायचं आहे.

शनिवार, संध्याकाळ

पहिलं घर कोरेगावकडचं. ‘मराठा, ७१’. तीच चिठ्ठी. मूळ डिस्चार्ज बुक पिशवीत घेतलं होतं, वाटेत दोनदा चाचपून पाहिलं. घर सापडायला वेळ लागला नाही, फाट्यावर “फौजीचं घर” म्हटल्यावर पोरांनी दारापर्यंत आणून सोडलं. आजी उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वकिलांची लेक म्हटल्यावर हात झाडून उठल्या, आधी पाणी, मग चहा, मग बोलणं.

मी पुस्तक पुढे केलं. उशीर झाला, माफ करा, अण्णांकडे राहून गेलं, असं म्हटलं.

आजींनी ते घेतलं. पहिल्या पानावरच्या फोटोवर अण्णांनी प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला आहे. त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राहून न्हाई गं गेलं. मीच ठिवलेलं वकिलांकडं. धाकल्यानं एकदा सावकाराकडं टाकलं हुतं. आन् ह्ये घर गळतंय. तुमच्याकडं कोरडं ऱ्हातंय म्हून बऱ्याच जणींनी तसंच केलेलं.”

मला काही सुचेना.

“दर वर्सी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला साताऱ्याला आले की तुमच्या घरी येत हुते. वकील कपाटातनं काढून द्यायचे. मी ओसरीवर बसून ह्यांचा फोटो बघायची. आन् परत द्यायची.”

हे मला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरात ओसरीवर बसलेल्या बायका मला आठवतात, मांडीवर काहीतरी धरून बसलेल्या. मी त्यांना चहा नेऊन देत असे.

आजींनी पुस्तक पदराने पुसलं, मिटलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं.

“ह्या साली पाय लई दुखत्यात. पर येते. दिवाळी झाल्यावर.”

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने किल्ली दिली. अण्णांच्या कपाटातला वरचा कप्पा मी रिकामा केला, खाली नवा कागद अंथरला, आणि डांबराच्या गोळ्या उद्या आणायच्या म्हणून लिहून ठेवलं.