रोगराई, भूक आणि युद्ध: आंडेक्सची पायी वाट

म्युनिकहून सुटलेली पहाटेची लोकल श्टार्नबेर्गला पोचली तेव्हा तळ्यावर अजून धुकं होतं. स्टेशनाबाहेर पस्तीस-चाळीस माणसं जमली होती. सर्वांत पुढे लाकडी क्रूस धरलेला एक तरुण होता. त्याच्या मागे दोघांच्या खांद्यांवर मेणबत्ती आडवी ठेवलेली. माणसाच्या उंचीची, पिवळसर मेणाची, रंगीत नक्षी केलेली. मी साताऱ्याकडच्या वारकरी घरातली. खांद्यावरून काही वाहून नेताना दिसलं की माझे हात आपोआप जोडले जातात, तसे तिथेही जोडले गेले.

आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला आणलं होतं. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्याच्या आधीचे तीन दिवस जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या खेड्यांत विनवणीचे मानतात. पिकं नुकती वर आलेली असतात, गारपिटीची भीती असते, म्हणून शेताशेतांतून प्रार्थना म्हणत चालायचं. आमची वाट होती आंडेक्सच्या ‘पवित्र डोंगरा’वरच्या मठाची, पंधरा-सोळा किलोमीटर. आजींनी आदल्या रात्री एवढंच सांगितलं होतं, “मोज्यांचा दुसरा जोड घे.”

मायझिंगच्या घळीतून ओढ्याकाठानं चढायला लागलो आणि जपमाळ सुरू झाली. प्रार्थना सांगणारा पहिली अर्धी ओळ म्हणतो, उरलेली अर्धी सगळे मिळून म्हणतात. भाषा वेगळी, पण पाऊल आणि शब्द एका ठेक्यात पडायला दहा मिनिटं पुरली. वीणेकरी पुढे आणि मागून येणारं धृपद हेच मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मायझिंगच्या तळ्यापाशी बोरू वाऱ्यावर हलत होते. तिथे थोडं थांबून पाणी प्यालो, मोजे बदलले आणि पुढे निघालो.

आशेरिंग गाव मागे पडल्यावर संतांची विनवणी सुरू झाली. ती लांबलचक असते, एकेका संताचं नाव आणि मागोमाग सर्वांचं उत्तर. मग ओळ आली: “फॉन पेस्ट, हुंगर उंड क्रीग.” रोगराई, भूक आणि युद्ध यांपासून. आणि सगळ्यांनी म्हटलं, “एरलोझे उन्स, ओ हेर.” प्रभो, आम्हांला सोडव. मीही म्हटलं, पण नुसतं तोंडानं.

हिमनदीनं आणून टाकलेल्या मातीच्या टेकड्या ओलांडत गेलं की एका वळणावर एकाएकी आंडेक्सचा मनोरा दिसतो, कांद्याच्या आकाराच्या घुमटाचा. बोलणं थांबलं, पुरुषांनी टोप्या काढल्या. आमच्याकडे कळस दिसला की पायांना नवं बळ येतं. इथे आजींनी न बोलता माझं मनगट धरलं.

डोंगराच्या पायथ्याला एरलिंग आहे. मेपोल म्हणजे गावाचा सजवलेला उंच खांब, गाईंचे गोठे, खिडक्यांत जिरेनियम, संत फाइटच्या नावाचं चर्च. आता प्रशासनाच्या कागदावर गावाचं नाव आंडेक्स आहे, पण जुनी वस्ती ही. १९६०च्या दशकात युर्गेन आशॉफ या शास्त्रज्ञानं इथेच जमिनीखाली खोल्या बांधून माणसांना घड्याळ आणि सूर्यप्रकाशाविना आठवडेच्या आठवडे राहायला सांगितलं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, हे त्या प्रयोगांतून उमगलं. मला मात्र एरलिंग मोठं वाटतं ते एका रोजनिशीमुळे.

माउरुस फ्रीझेनएगर हे डोंगरावरच्या मठातले बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू. १६२७ पासून त्यांच्याकडे एरलिंगच्या लोकांची धार्मिक जबाबदारी होती, पुढे १६४० मध्ये ते मठाधिपती झाले. सतराव्या शतकात जर्मनीत पेटलेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त या लहानशा गावाचं काय झालं ते त्यांनी लिहून ठेवलं. १६३२ साली स्वीडिश सैन्य आलं आणि लोक रानात पळाले. १६३३च्या डिसेंबरात मित्रपक्षाचीच फौज गावात उतरली. फ्रीझेनएगर लिहितात ते असं: चेहरे काळेपिवळे पडलेले, शरीरं वाळलेली, अंगावर चिंध्या, कोणी लुटलेले बायकांचे कपडे घातलेले. शत्रू असो वा मित्र, गावाचं धान्य दोघांनीही खाल्लं. पुढच्या वर्षी प्लेग आला.

रोगराई, भूक, युद्ध. आत्ताच म्हटलेली ओळ, त्याच क्रमानं नसली तरी, या घरांतून प्रत्यक्ष घडून गेली होती.

मला तिथे देहू आठवलं. १६३०चा दख्खनचा दुष्काळ याच काळातला. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा त्यात गेले. एक माणूस इंद्रायणीकाठी आणि एक आमरझे तळ्याजवळच्या या टेकडीवर, एकमेकांचं नावही ठाऊक नसताना, एकाच दशकात गावं ओस पडताना बघत होते आणि दोघेही लिहीत होते. हे नातं मी जोडलेलं नाही, काळानंच जोडलेलं आहे.

शेवटच्या चढावर मेणबत्तीला खांदे बदलतात. आजींनी मला पुढे ढकललं. मेण उन्हानं किंचित मऊ झालं होतं आणि वजन मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त निघालं. मागून पुन्हा तीच ओळ आली. या वेळी उत्तर देताना माझा आवाज फुटला.

वर मठ समुद्रसपाटीपासून ७११ मीटरवर आहे. आधी इथे आंडेक्सच्या सरदारांचा गड होता. सिलेसियाची संत हेडविग याच घराण्यातली. गड १२४६ मध्ये पडला, दोन वर्षांनी घराणंही संपलं. १३८८ साली गडाच्या प्रार्थनागृहात लपवलेले पवित्र अवशेष सापडले. आख्यायिका सांगते की त्यांचा पत्ता एका उंदरानं ओढून आणलेल्या चिठ्ठीनं दिला. मग यात्रा वाढली आणि १४५५ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त तिसरा यानं मठ स्थापन केला. १६६९ मध्ये वीज पडून तो जळाला, पुन्हा बांधला गेला. १८०३ मध्ये सरकारनं तो बंद केला, पुढे राजा लुडविग पहिला यानं विकत घेऊन साधूंना परत दिला. चर्चच्या आत डोळे दिपतात. मठाच्या तीनशेव्या वर्षासाठी योहान बाप्टिस्ट त्सिमरमान यानं छत आणि भिंती रंगवल्या. वेदी दोन मजली आहे, खाली मारिया, वरच्या मजल्यावरही मारिया. एका बाजूच्या प्रार्थनागृहात संगीतकार कार्ल ऑर्फ यांचं थडगं आहे.

प्रार्थनेनंतर मठाच्या आवारात लांब बाकांवर सगळे एकत्र बसलो. साधूंच्या भट्टीतली बिअर, ब्रेत्सेल म्हणजे गाठीच्या आकाराचे मोठाले खारे पाव आणि मीठ लावलेला पांढऱ्या मुळ्याचा उलगडणारा गोल काप. आजींनी स्वतःचा अर्धा मुळा माझ्या ताटात घातला. अनोळखी माणसंही आपल्या ताटातलं पुढे करत होती.

मग एका साधूनं आम्हांला मेणबत्त्यांच्या दालनात नेलं. गावोगावच्या यात्रेकरूंनी शतकानुशतकं आणलेल्या उंच मेणबत्त्या तिथे उभ्या आहेत, काही वाकलेल्या, काही काळवंडलेल्या. सर्वांत जुनी १५९४ची. स्वीडिश सैन्य आलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. वीज पडली त्या वर्षीही ती होतीच.

आजी तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी चढाच्या आधीपासूनच धर. शेवटी फार थोडं वाट्याला येतं.”