आमची वाटचाल : दिव्याने फोडायचं, जिवाणूंनी संपवायचं

भोसरीत आम्ही सुरुवात केली ती ईटीपीच्या (कारखान्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) देखभालीपासून: ब्लोअर, पंप, गाळ काढणं. मग कापडरंगाई आणि रसायनांच्या कारखान्यांचं सांडपाणी हाताळायला लागलो, तेव्हा कळलं की एअरेशन टाकी (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववायची जैविक टाकी) दुप्पट केली तरी काही पाण्याचा सीओडी (सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) उतरतच नाही. सीओडी लिटरला १,२०० मिलिग्रॅम आणि बीओडी (जिवाणू खाऊ शकतात तेवढ्या घाणीला लागणारा ऑक्सिजन) २०० असेल, तर जिवाणूंना खाण्याजोगं त्यात फार थोडं असतं. बीओडी भागिले सीओडी ०.४ च्या आसपास आलं की टाकी चालते. पक्के रेणू फोडून गुणोत्तर तेवढं आणण्यापुरता उजेड वापरायचा, हे आमच्या कामाचं मूळ.

पहिली मांडणी सरळ होती. टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी (उजेड पडला की पाण्यातले रेणू फोडणारा उत्प्रेरक) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, वर ३६५ नॅनोमीटरचे अतिनील दिवे. साधारण ३८७ नॅनोमीटरच्या वरचा उजेड या भुकटीला चालत नाही, म्हणजे उन्हाचा जेमतेम चार-पाच टक्के भाग कामाचा. त्यात पुण्याचा पावसाळा. उघडे सौर ट्रे आम्ही त्यामुळेच सोडले.

रंग पटकन उडतो आणि तिथेच माणूस फसतो. अ‍ॅझो बंध (रंग देणारा नायट्रोजनचा जोड) तुटला की पाणी बिनरंगी दिसतं, पण बेंझिनची कडी तशीच असते आणि सीओडी फारसा हलत नाही. ती कडी पुरती जाळेपर्यंत दिवे चालवले तर विजेचं बिल छोट्या कारखान्याला झेपत नाही. म्हणून दिवा कधी बंद करायचा, ते आम्ही रंगावरून न ठरवता त्या गुणोत्तरावरून ठरवतो. पाण्यात स्टार्च किंवा अ‍ॅसिटिक आम्ल भरपूर असेल तर क्रमच उलटा लावतो: आधी जैविक टाकी, मग दिवे, मग पाणी परत जैविक टाकीत. नाहीतर जिवाणूंनी सहज खाल्लं असतं ते आपण विजेवर जाळत बसतो.

भुकटीने बराच त्रास दिला. कण इतके बारीक की खाली बसत नाहीत, पाणी दुधाळ होऊन बाहेर पडतं. मग काचेवर लेप दिला, ४५० ते ५०० अंशांवर भाजून. काचेला तेलाचा हात लागलेला असेल तर लेपाचे पापुद्रे सुटतात.

आता पॉलियुरेथेन स्पंजाचे तुकडे वापरतो: बाहेर उत्प्रेरक, आत जिवाणूंचा थर. ही कल्पना अमेरिकेत ब्रूस रिटमन यांच्या गटाने २००८ मध्ये मांडली. रॅडिकल (उत्प्रेरकावर उजेडाने तयार होणारे, रेणू फोडणारे अतिक्रियाशील कण) क्षणभरच जगतात, आतल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाहीत. फुटलेल्या रेणूंचे तुकडे मात्र लगेच आत खाल्ले जातात.

पाणी घ्यायच्या आधी चोवीस तासांचा मिश्र नमुना मागतो आणि क्षारता (अल्कलिनिटी), क्लोराइड, गढूळपणा बघतो. बायकार्बोनेट आणि क्लोराइड रॅडिकल गिळतात, गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही. बोअरचं जड पाणी मिसळलं असेल तर दिव्याच्या नळीवर खडूसारखा थर चढतो. तो सायट्रिक आम्लाने धुवावा लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल तर उरलेलं मोडल्याशिवाय पाणी पुढे सोडायचं नाही. ते जिवाणू मारतं आणि सीओडीच्या चाचणीत आकडाही फुगवतं.

वीज गेली तर जनरेटरवर आधी ब्लोअर घ्यायचा. दिवे थांबले तर काम तेवढं लांबतं, पण हवा थांबली तर जिवाणूंचं कल्चर मरतं.

महिन्यातून एकदा एक स्पंज ब्लेडने मधोमध कापून बघतो. बाहेर पांढुरका, आत तपकिरी असेल तर ठीक. आत काळा आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर हवा आत पोचत नाही: ब्लोअर वाढवायचा किंवा तुकडे लहान घ्यायचे. बाहेरही तपकिरी चिकट थर आला असेल तर उत्प्रेरक झाकला गेलाय. येणाऱ्या पाण्याचा भार कमी करून दिवे तसेच चालू ठेवायचे.